रबाळ्याचा ब्लोअर, ड्राइव्हची केबल आणि तो वेगळा अर्थ पिट

प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतलं युनिट. २२ किलोवॅटचा ब्लोअर इतकी वर्षं स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत नेऊन सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा) चालत होता, आता तिथे व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलाय. पॅनेल रूम माळ्यावर, ब्लोअर शेडच्या मागच्या टोकाला, केबलचा मार्ग ७० मीटर. मोटरकडे जाणाऱ्या जुन्या दोन केबल, प्रत्येकी ३ कोअर, ६ चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम, पीव्हीसी, आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेल्या), त्या तशाच ठेवल्या आणि डेल्टा जोडणी पॅनेलमध्येच केली. ट्रायल घेतली तर शेजारच्या ओव्हनच्या पीटी-१०० चं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग नाचायला लागलं. शिवाय पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा चालू करताना ड्राइव्ह अर्थ फॉल्टवर (करंट जमिनीकडे गळतोय असं समजून) ट्रिप होतो. कंत्राटदार म्हणतो, केबल ठणठणीत आहे, अर्थिंग खराब आहे, ड्राइव्हसाठी वेगळा केमिकल अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, मारा. ड्राइव्ह पुरवणारा म्हणतो, शील्डेड (तांब्याच्या जाळीत गुंडाळलेल्या) कॉपर केबलशिवाय हात लावणार नाही. पैसे एकाच गोष्टीला आहेत, तर कुठे घालू?

पिटचं कोटेशन बाजूला ठेवा. केबल बदलावी लागेल, पण ती महागडीच हवी असं नाही. तुमच्या बिघाडाचं मूळ केबलच्या दोन टोकांना आहे, आणि तिथलं काम नीट झालं नाही तर शील्डेड केबल टाकूनही पीटी-१०० नाचतच राहील.

ड्राइव्हमधून मोटरकडे जातं ते महावितरणच्या वायरीतून येतं तसं गुळगुळीत व्होल्टेज नसतं. आत ४१५ व्होल्टचं आधी डीसी होतं, साधारण ५६० व्होल्ट. मग आयजीबीटी, म्हणजे ड्राइव्हमधले वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, ते सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करतात. मोटरला त्याची सरासरी कळते आणि ती समजुतीने फिरते. केबलला मात्र प्रत्येक ठोका जाणवतो. एक ठोका शून्यावरून ५६० व्होल्टवर जायला मायक्रोसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपासचा वेळ घेतो. इतक्या वेगाने चढणाऱ्या व्होल्टेजमध्ये मेगाहर्ट्झच्या घरातल्या फ्रिक्वेन्सी असतात. ५० हर्ट्झवर आयुष्य घालवलेल्या माणसाची अर्धी गणितं इथे चालत नाहीत, आणि कंत्राटदाराचं नेमकं तेच झालंय.

आधी साधं गणित, कारण त्यातही एक खड्डा आहे. २२ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ४० अँपिअर घेते. स्टार-डेल्टाच्या सहा वायरींत मात्र वायंडिंगचा करंट असतो, म्हणजे ४० भागिले १.७३, २३ अँपिअरच्या आसपास. म्हणूनच त्या काळी ६ चौमिमी ॲल्युमिनियम पुरली. आता कुणी शहाणपणा करून म्हणेल, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या लावून डेल्टा करू, एकच केबल ठेवू, दुसरी राखीव. त्या क्षणी त्याच ६ चौमिमीमधून ४० अँपिअर जायला लागतील, आणि ते तिला पेलणार नाहीत. स्टार-डेल्टा काढून ड्राइव्ह बसवलेल्या कितीतरी जागी टर्मिनलचा प्लास्टिक ब्लॉक काळा पडलेला दिसतो, तो याच कारणाने.

तुमच्याकडे दोन्ही केबल ठेवून डेल्टा पॅनेलमध्ये केलीय, म्हणजे तापण्याचा प्रश्न नाही. पण ड्राइव्हच्या दृष्टीने केबल ७० मीटरची राहिली नाही, १४० मीटर झाली. प्रत्येक केबल हा एक लांबलचक कपॅसिटर असतो, कोअर ते कोअर आणि कोअर ते आर्मर. ड्राइव्हला प्रत्येक ठोक्याला तो भरावा लागतो. त्यात पीव्हीसीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (इन्सुलेशन किती चार्ज धरतं त्याचं माप) एक्सएलपीई या दुसऱ्या इन्सुलेशनच्या दीडपट-दुप्पट, एक्सएलपीईचा २.३ च्या आसपास. म्हणजे लांबी दुप्पट आणि वर पीव्हीसी. हा चार्जिंग करंट मोटरला काहीच कामाचा नाही, पण ड्राइव्हच्या सेन्सरला तो दिसतो. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य आली नाही की ड्राइव्हला वाटतं, कुठेतरी जमिनीकडे गळतंय. त्यावर पावसाळ्यातली रात्रभर थंड पडलेली मोटर, टर्मिनल बॉक्समध्ये धरलेला ओलावा. दोन्ही मिळून मर्यादा ओलांडली की सकाळी अर्थ फॉल्ट. दुपारी तोच ड्राइव्ह बिनतक्रार चालतो आणि सगळे म्हणतात, ड्राइव्हच लहरी आहे.

याच कारणाने उत्पादकाच्या पुस्तकात शील्डेड केबलसाठी दिलेली कमाल लांबी बिनशील्डच्या केबलपेक्षा कमी असते. शील्ड जवळ आली की कपॅसिटन्स वाढतो. महाग केबल घेतली म्हणून लांबी वाढते असं समजू नका. एका ड्राइव्हवर दोन-तीन मोटरी असतील तर सगळ्या केबलच्या लांबीची बेरीज धरायची.

लांबीचा दुसरा परिणाम मोटरवर होतो. ठोका केबलमधून प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, मायक्रोसेकंदाला १५० मीटरच्या आसपास. मोटरच्या टर्मिनलला पोचला की तिथला इम्पिडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) केबलच्या मानाने फार जास्त असल्यामुळे तो परत फिरतो, आणि येणारा व जाणारा एकमेकांवर चढतात. ०.१ मायक्रोसेकंदाच्या ठोक्याला सात-आठ मीटर केबलनंतरच टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिसायला लागतं. तुमच्या ७० मीटरवर मोटरला ५६० नाही, ११०० व्होल्टच्या आसपासचे शेंडे बसताहेत, सेकंदाला हजारो वेळा. मल्टिमीटरवर हे दिसत नाही. तो बिचारा ४०० च्या आसपास काहीतरी दाखवतो आणि सगळे खूश.

जुनी मोटर असेल, त्यातही एकदा रिवाइंड झालेली असेल, तर हे गंभीरपणे घ्या. शेंड्याचा बहुतेक भार लीडला जोडलेल्या पहिल्या कॉइलच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. म्हणून जळलेली मोटर उघडली की बाकी वायंडिंग पिवळंधमक आणि लीडजवळची एकच कॉइल कोळसा, असं चित्र दिसतं. नेमा एमजी-१ या अमेरिकन मानकाच्या भाग ३१ प्रमाणे ६०० व्होल्टपर्यंतच्या इन्व्हर्टर ड्यूटी (ड्राइव्हवर चालण्यासाठी बनवलेल्या) मोटरला ०.१ मायक्रोसेकंदाच्या चढाला १६०० व्होल्टचा शेंडा सोसायला हवा. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं याच विषयाचं मानक ६००३४-१८-४१. मोटरच्या पाटीवर ‘इन्व्हर्टर ड्यूटी’ छापलंय एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा लेखी मागा. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुमच्याच पट्ट्यात रिवाइंडिंगला मोटर टाकत असाल तर ‘ड्राइव्हवर चालणार आहे’ हे चिठ्ठीवर लिहून द्या. दुहेरी इनॅमलची वायर, फेजमध्ये नीट कागद आणि व्हॅक्यूम व्हार्निश, एवढं मागितलं तर मिळतं. न मागता मिळेल याची खात्री नाही.

मोटर जुनी असेल तर केबल कुठलीही टाका, ड्राइव्हच्या टोकाला डीव्ही-डीटी फिल्टर बसवा. तो ठोक्याची धार बोथट करतो. नुसत्या आउटपुट चोकनेही थोडा फरक पडतो, पण ७० मीटरला मी फिल्टरच म्हणेन. साइन फिल्टर, जो ठोक्यांचं पुन्हा गुळगुळीत व्होल्टेज करतो, तो त्याहून चांगला आणि त्याहून महाग, ब्लोअरला एवढं लागत नाही. बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपाला लागतो. तिथे मोटर पाण्यात, इन्सुलेशन नाजूक, आणि चपटी केबल शील्ड करताच येत नाही.

आता मुख्य मुद्दा.

तीन फेजचं शुद्ध साइन व्होल्टेज असलं की तिघांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. ड्राइव्हच्या आउटपुटला ती कधीच शून्य नसते. प्रत्येक क्षणी एकेक फेज डीसीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला जोडलेली असते, त्यामुळे मोटरचा स्टार पॉइंट, किंवा डेल्टा असेल तर वायंडिंगची सरासरी, २८० व्होल्ट वर-खाली उड्या मारत राहते. हे कॉमन मोड व्होल्टेज. केबलच्या आणि वायंडिंग-ते-स्टेटरच्या कपॅसिटन्समधून ते करंट ढकलतं आणि तो मोटरच्या बॉडीवर येतो.

बॉडीवर आलेल्या या करंटला जायचंय कुठे? इथेच सगळ्यांची गल्लत होते. त्याला जमिनीत जायचं नाही. तो ड्राइव्हच्या डीसी बसमधून निघालाय आणि त्याला तिथेच परत जायचंय. जमीन त्याच्या लेखी एक लांबचा, वाईट रस्ता आहे. ठाणे स्टेशनचा पूल गर्दीने बंद पडला की लोक रूळ ओलांडतात, तसा हा करंट परतीचा सरळ रस्ता मिळाला नाही की मिळेल तिथून घुसतो. कधी ओव्हनच्या पीटी-१०० च्या शील्डमधून, कधी ब्लोअरच्या बेअरिंगमधून, कधी केबल ट्रेमधून.

कंत्राटदाराच्या पिटचा हिशोब करून बघा. तो म्हणेल, साहेब, अर्थ एक ओहमच्या आत आणून देतो. देईलही. पण अर्थ टेस्टर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास मोजतो. कुठल्याही सरळ वायरीला ढोबळमानाने मीटरला एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला अडवण्याचा गुण) असतो. पॅनेलपासून पिटपर्यंत ३० मीटर वायर धरा, ३० मायक्रोहेन्री. एक मेगाहर्ट्झला तिचा इम्पिडन्स होतो जवळजवळ १९० ओहम. वायर जाड केली तरी यात नावापुरताच फरक पडतो. १९० ओहमच्या पुढे पिटचा एक ओहम अर्धा झाला काय आणि पाव झाला काय.

आणि ‘वेगळा’ पिट मारून तो बाकीच्या अर्थिंगला जोडायचा नाही, हे तर धोकादायक आहे. ‘क्लीन अर्थ’, ‘इलेक्ट्रॉनिक अर्थ’ या नावाने ही पद्धत आपल्याकडे फार रुजलीय. फेज कुठे बॉडीला शॉर्ट झाली तर फॉल्ट करंटला ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत मातीतून जावं लागेल. तेवढ्यावर फ्यूज उडेलच असं नाही आणि ब्रेकर पडेलच असं नाही, पॅनेलची बॉडी मात्र जिवंत राहील. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ वाचा, सगळी अर्थिंग एकमेकांना जोडायला सांगितलीय. तुमचे आहेत ते पिट तपासून घ्या, पावसाळ्यानंतरचं रीडिंग उन्हाळ्यातल्याशी ताडून बघा, क्लॅम्प गंजले असतील तर बदला. पिट माणसाच्या सुरक्षेसाठी आहेत आणि ते लागतातच. ड्राइव्हचा आवाज शांत करणं हे त्यांचं काम नाही.

म्हणजे परतीचा रस्ता केबलनेच द्यायचा, फेजच्या अगदी अंगाला लागून. यासाठीच तीन फेज, त्यांच्या खाचांमध्ये समान अंतरावर तीन अर्थ कोअर, आणि सगळ्यांभोवती तांब्याची पट्टी किंवा जाळी, अशी ड्राइव्हची खास केबल बनवतात. समान अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. अर्थ कोअर एकाच बाजूला असला तर फेजचा करंट त्यात व्होल्टेज निर्माण करतो आणि ते मोटरच्या बॉडीवर दिसतं. आपली नेहमीची साडेतीन कोअर केबल याबाबतीत सगळ्यात वाईट, अर्धा कोअर कोपऱ्यात. न्यूट्रल मोटरला लागतच नाही, तरी गोदामात पडलीय म्हणून तीच ओढली जाते. चार कोअर केबल लहान मोटरला, साधारण १० चौमिमीपर्यंत, चालून जाते.

तुमच्यासाठी मी १६ चौमिमी कॉपर, एक्सएलपीई, एकच केबल सांगेन आणि डेल्टाच्या पट्ट्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये. करंटच्या तक्त्यात १० चौमिमी बसेलही, पण तुमचा ट्रे पत्र्याखालून जातो. मे महिन्यात तिथे काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि शेजारी बाकीच्या केबल. डीरेटिंग (उष्णता आणि गर्दीमुळे केबलची क्षमता कमी धरणं) लावल्यावर १० मध्ये हातात फारसं काही उरत नाही. १६ ला ७० मीटरवर पूर्ण भारात ड्रॉप सहा-सात व्होल्टच्या आसपास येतो, काळजीचं कारण नाही. ॲल्युमिनियम या मापात नको. ड्राइव्हचे टर्मिनल तांब्यासाठी बनलेले असतात आणि ॲल्युमिनियमचा लग (वायरीच्या टोकाला दाबलेली टोपी) तिथे काही महिन्यांत सैल पडतो.

बजेट असेल तर ३×१६ अधिक ३×२.५ शील्डेड. नसेल तर मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, सहज मिळणारी ३ कोअर १६ चौमिमी कॉपर, एक्सएलपीई, गोल वायर आर्मरची, आणि तिला बांधून शेजारून जाणारी १६ चौमिमीची तांब्याची अर्थ वायर. चपट्या पट्टीचं आर्मर टाळा. पट्ट्या फिरकीसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि मध्ये फटी राहतात. पोलादी आर्मर तांब्याच्या शील्डइतकं चांगलं नाही, हे खरं. पण दोन्ही टोकांना नीट ग्लॅण्ड केलेली (केबल डब्यात शिरते तिथे धातूच्या बुचाने घट्ट धरलेली) आर्मर्ड केबल ही शेपटी सोडलेल्या शील्डेड केबलपेक्षा कितीतरी चांगली, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

शेपटी म्हणजे काय ते जवळून बघू. वायरमन शील्डेड केबल सोलतो, जाळी मागे ओढतो, पिळतो, त्यावर हिरवी-पिवळी स्लीव्ह चढवतो, लग दाबतो आणि अर्थ बारला बोल्ट करतो. काम दिसायला सुबक, कन्सल्टंटही सही करतो. ही पिळलेली शेपटी १० सेंटिमीटरची धरा. १० मेगाहर्ट्झला तिचा इम्पिडन्स सहा ओहमच्या वर जातो. ७० मीटर तांब्याची जाळी विकत घेतली आणि शेवटच्या वीतभर अंतरात तिचं काम घालवलं. जाळी पूर्ण घेराने दाबली गेली पाहिजे, ३६० अंशांत. पॅनेलमध्ये ईएमसी ग्लॅण्डने (शील्डला चारी बाजूंनी पकडणाऱ्या), किंवा ड्राइव्हच्या खालच्या पत्र्यावर क्लॅम्पने. मोटरच्या बाजूलाही तसंच. दोन्ही टोकांना. ‘शील्ड एकाच बाजूला अर्थ करायची’ हा नियम सिग्नल केबलचा आहे, मोटर केबलला तो लावू नका.

आर्मर्ड केबलला हेच काम पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लॅण्ड करते. आर्मरच्या वायरी कोनमध्ये सर्व बाजूंनी चिमटल्या जातात. पण ग्लॅण्ड बसते ती ग्लॅण्ड प्लेटवर, आणि ग्लॅण्ड प्लेटवर असतो पावडर कोटिंगचा जाड थर. तो थर म्हणजे इन्सुलेशन. ग्लॅण्डचा आकडा किती, लॉकनट किती घट्ट, सगळं बघतात. रंग कुणी खरवडत नाही. भोकाभोवती ग्लॅण्डच्या चेकनटएवढा गोल पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, वर अर्थ टॅग लावा आणि घट्ट केल्यावर बाहेरून रंगाचा एक हात द्या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात एका बाजूला खाडीची खारी हवा, दुसऱ्या बाजूला केमिकलची. उघडा ठेवलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो आणि मग संपर्कही जातो. पितळी ग्लॅण्ड निकेल प्लेटेड घ्या, साध्या हिरव्या पडतात. प्लेट जुनी असेल तर सरळ गॅल्व्हनाइज्ड, बिनरंगाची नवी करून घ्या, तेवढा खर्च काहीच नाही.

मोटरच्या टोकाला अजून एक गंमत असते. टर्मिनल बॉक्स बिडाचा, तो मोटरच्या बॉडीवर रबरी गॅस्केट ठेवून चार बोल्टांनी बसवलेला, बोल्टांखालीही रंग. म्हणजे ग्लॅण्डने आर्मर बॉक्सला जोडलं, पण बॉक्स बॉडीला नीट जोडलेला नाही. बॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची चपटी विणलेली पट्टी लावा. आखूड आणि रुंद. लांबी रुंदीच्या पाचपटीच्या आत ठेवा, तिप्पट असेल तर उत्तम. गोल वायरीपेक्षा चपटी पट्टी इथे चांगली, कारण मेगाहर्ट्झचा करंट पृष्ठभागावरून जातो आणि रुंद पट्टीचा इंडक्टन्स कमी.

ब्लोअरजवळ आयसोलेटर (दुरुस्तीसाठी मोटर तोडायचा स्विच) आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो प्लास्टिकच्या डब्यात असतो. केबल डब्यात येते, आर्मर एका बाजूला संपतं, पलीकडे नवं सुरू होतं, मध्ये काही नाही. परतीचा रस्ता तिथेच तुटला. डबा धातूचा घ्या, दोन्ही ग्लॅण्ड एकाच बिनरंगाच्या प्लेटवर. आयसोलेटरला आधी उघडणारा सहायक संपर्क असू द्या आणि तो ड्राइव्हच्या रन परवानगीला (ज्यावर ड्राइव्ह चालू राहतो तो सिग्नल) जोडा. चालत्या ड्राइव्हचं आउटपुट मध्येच तोडणं आयजीबीटीला मानवत नाही.

मोटरच्या बॉडीवरच्या दोन जीआय पट्ट्या तशाच राहू द्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे स्थिर मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात, निरीक्षक तेच बघतो आणि बरोबर बघतो. मी सांगतोय ते त्याच्या जोडीला. ड्राइव्हच्या बाजूलाही लक्ष द्या. आयईसी ६१८००-५-१ प्रमाणे गळतीचा करंट ३.५ मिलिअँपिअरच्या वर जात असेल, आणि तुमच्या मापाच्या ड्राइव्हला तो जातोच, तर संरक्षक अर्थ वायर किमान १० चौमिमी तांब्याची हवी किंवा दोन हव्यात. तुमची १६ ची असेल तर हा मुद्दा मिटला.

बेअरिंगचं थोडक्यात सांगतो, कारण २२ किलोवॅटला ही भीती थोडी अतिरंजित विकली जाते. मोठ्या मोटरीत, १०० किलोवॅट आणि पुढे, शाफ्टमधून फिरणारा करंट खरा असतो. तिथे मागच्या बाजूचं इन्सुलेटेड बेअरिंग घ्यायचंच. तुमच्या मापात दोन प्रकार संभवतात. एक, शाफ्टवर जमलेलं व्होल्टेज ग्रीसच्या थरातून ठिणगी मारतं, आणि कालांतराने बेअरिंगच्या रिंगवर धुण्याच्या फळीसारख्या रेघा पडतात. दुसरा जास्त वाईट. मोटरच्या बॉडीचा परतीचा रस्ता खराब आणि ब्लोअरचा सांगाडा पत्र्याच्या डक्टमधून छान अर्थ झालेला, मग करंट शाफ्टमधून कपलिंगवाटे ब्लोअरमध्ये जातो आणि दोघांची बेअरिंग खातो. पट्टा असेल तर हा रस्ता बहुधा बंद. थेट कपलिंग असेल तर मोटर आणि ब्लोअरचे सांगाडे एकमेकांना जाड पट्टीने जोडा. एवढं झाल्यावरही बेअरिंग वर्षभरात बोलायला लागलं, तर शाफ्ट ग्राउंडिंग रिंगचा विचार करा. आधीच नको.

पीटी-१०० कडे येतो. ती केबल मोटर केबलच्याच ट्रेमध्ये आहे, असं तुमच्या फोटोवरून दिसतंय. निदान ३०० मिलिमीटर दूर न्या, जमल्यास ५००. ओलांडावं लागलं तर काटकोनात. शील्ड कंट्रोलरच्या बाजूला जोडा, ओव्हनच्या बाजूला इन्सुलेट करा. मॉडबसची (यंत्रांमधल्या संवादाची) किंवा एन्कोडरची (वेग मोजणाऱ्या सेन्सरची) डिजिटल केबल असेल तर तिची शील्ड दोन्ही बाजूंना. ट्रेचे सांधे पट्टीने जोडलेले आहेत का तेही बघा. नुसत्या रंगवलेल्या फिशप्लेटवर (सांध्यावरच्या जोडपट्टीवर) विसंबू नका.

इनपुटच्या बाजूला फार काही नाही. साधी आर्मर्ड केबल चालते, ड्राइव्हमध्ये चोक (करंटचे झटके आवरणारी कॉइल) नसेल तर लाइन चोक बाहेरून लावा. एक स्क्रू मात्र सांभाळा. बहुतेक ड्राइव्हमध्ये अंतर्गत ईएमसी फिल्टर (विद्युत आवाज रोखणारा) अर्थला जोडणारा स्क्रू असतो, फिल्टरच्या कपॅसिटरमधूनच परत आलेला करंट डीसी बसला मिळतो. अर्थ केलेल्या न्यूट्रलवर तो लावलेलाच हवा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर काढावा लागतो, म्हणून जनरेटरवर चालवणार असाल तर आधी न्यूट्रलची जोडणी बघा. आणि ड्राइव्हच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा ब्रेकर) बसवू नका. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये बूस्टर पंपाच्या ड्राइव्हवर ती बसवतात, रोज ट्रिप होते, मग सोसायटीचा प्लंबर ती बायपास करतो. संरक्षण हवंच असेल तर बी प्रकारची (डीसी गळतीही ओळखणारी), जास्त मर्यादेची.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी ड्राइव्हचे आउटपुट सोडवा, मगच केबल आणि मोटर मेगर करा, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासा. जोडलेल्या ड्राइव्हवर मेगर मारला तर तो गेलाच समजा. पावसाळी सकाळी आणि मोटर गरम असताना अशी दोन रीडिंग घ्या. फरक मोठा आला तर अँटी-कंडेन्सेशन हीटर (मोटरमध्ये ओलावा धरू न देणारा) बसवा किंवा असलेला चालू आहे का ते बघा. मग एक केबल, बॉक्समध्ये डेल्टा, दोन्ही टोकांना ग्लॅण्ड आणि खरवडलेला पत्रा. जुन्या दोन केबल ट्रेमध्येच राहणार असतील तर त्यांचे सगळे कोअर एका टोकाला अर्थ करून टाका, मोकळे लोंबत ठेवू नका. कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ वर आणा. मोटर जरा शिट्टी वाजवेल, पण ठोके निम्मे होतील, आणि ब्लोअरच्या आवाजात ती शिट्टी कुणाला ऐकू येणार नाही.

एवढं करून ट्रायल घ्या. पीटी-१०० तरी नाचलं तर डीव्ही-डीटी फिल्टर मागवण्याआधी मला तीन फोटो पाठवा: ग्लॅण्ड प्लेटची आतली बाजू, मोटरचा टर्मिनल बॉक्स झाकण काढून, आणि आयसोलेटरचा डबा उघडून.